घरात कोणी मोठं आहे का?

रविवारी मी जो टी-शर्ट घालतो
त्यावर एक जांभळा पाणघोडा जांभई देतोय.
चार दात, त्यातला एक किडका,
कानावर बसलेला पिवळा पक्षी.
दादरच्या फुटपाथवर एकशे ऐंशीला मिळाला.
"कुणासाठी?" विकणाऱ्यानं विचारलं.
मी म्हणालो, भाच्यासाठी.
त्यानं एक्स एल काढून माझ्याच खांद्यांना लावून पाहिला.
"भाचा सेम तुमच्यावर गेलाय."

सोमवार ते शनिवार मी पतपेढीत असतो, वसुलीला.
फिकट निळा शर्ट, इन केलेला.
माझ्या सहीच्या नोटिसा पाहून
भांडुपपासून मुलुंडपर्यंत माणसं घसा खाकरतात.
त्यांतलाच एक मासळीबाजारात भेटला,
पाणघोडा बघून आधी बावरला,
मग म्हणाला, "दोन हप्ते पुढच्या महिन्यात हां, शेठ,"
आणि चक्क पाठीवर थाप मारून
बोंबलांच्या वाट्याकडे वळला.

मेहुणा हेरंब म्हणतो,
"मिशी तरी काढ, नाहीतर हा शर्ट तरी.
दोन्ही एकत्र म्हणजे..."
म्हणजे काय, ते सांगत नाही.
नुसता दंड फुगवतो. हल्ली जिमला जातो.
त्याच्या बनियनवर कवटी आहे.
कवटीसुद्धा चित्रच,
पण तिला कोणी हसत नाही.

बाबा असते
तर बोलले नसते. पेपर जरा वर धरला असता.
त्यांचं म्हणणं एकच: पुरुषाच्या शर्टावर
खिशाशिवाय काही नसावं.
पांढरा टेरिकॉट, डावीकडे खिसा,
खिशात पेन, छोटी डायरी, घडी केलेल्या नोटा.
दारावर कोणी आलं की त्यांचा हात
आधी खिशाकडे जायचा, मग कडीकडे.
सहावीत मी बदकाचं चित्र असलेला शर्ट मागितला होता.
खरं सांगायचं तर त्यांनी घेऊन दिला.
फक्त वरून स्वेटर घालायला लावला.
विक्रोळीत. एप्रिलात.

परवाच्या रविवारी मोरीतला नळ तुटला.
कन्नमवार नगरात आमच्याकडे पाणी साडेसहाला येतं,
आठला जातं.
टेमकर प्लंबर सव्वासातला आला,
खांद्यावर पाना, बंदुकीसारखा.
दार मीच उघडलं.
त्यानं पाणघोडा पाहिला,
माझ्या पोटावर जरा जास्तच वासलेला जबडा पाहिला,
आणि माझ्या खांद्यावरून आत डोकावत विचारलं,
"घरात कोणी मोठं आहे का?"

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे.
मला हसू यायला हवं होतं.
वैजयंतीला आलंच, ओट्यापाशी,
तिनं पदर तोंडावर धरला.
मी मात्र मागे वळून पाहिलं.
सवयीनं.
खिडकीजवळच्या खुर्चीकडे.

खुर्चीवर आता आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो.
आठ महिने झाले.

मोरीत पाणी वाहतच होतं,
कोणाची वाट न बघता.
"आहे," मी म्हणालो. "बोला."

टेमकर बोलला. साडेसातशे, वॉशरचे वेगळे.
मी पाचशेवर आणला.
बाबांनी चारशेत केलं असतं,
वर त्याच्याकडून गच्चीतली टाकीही बघून घेतली असती.
पाऊण तास तो मोरीत वाकून होता
आणि मी बॅटरी धरून त्याच्या मागे,
मोठ्या माणसांनी उभं राहावं तसा,
मधूनमधून "तिथे गळतंय" म्हणत,
जे त्यालाही दिसत होतं.

जाताना त्यानं हात पुसले, पैशांसाठी थांबला.
माझा तळवा आपोआप डाव्या छातीकडे गेला,
खिसा चाचपत,
आणि थेट पाणघोड्याच्या तोंडात पडला,
त्या किडक्या दातावर.

टेमकर बघत होता.
मी हात लगेच काढला नाही.